पाठीवरचे बिऱ्हाड

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण अनेकदा ऐकतो. ज्याचा एका ठिकाणी पाय ठरत नाही, जो आज येथे तर उद्या तेथे असतो, अशा मनुष्याविषयी बोलताना ती वापरतात. तिच्यात थोडी कीव असते आणि थोडी थट्टाही असते. परंतु जो डोंगरदऱ्यांतून दिवसचे दिवस पायी चालतो आणि रात्री सपाट जागा दिसेल तेथे अंग टाकतो, त्याला ही म्हण थट्टेची वाटत नाही. अन्न, पाणी, अंथरूण, पांघरूण, दिवा, औषध असे सारे घर त्याला खरोखरच पाठीवर न्यावे लागते. हे घर केवढे असावे, त्यात काय घ्यावे आणि काय मागे ठेवावे, हा प्रश्न दिसायला लहान आहे. पण चालणाऱ्याचे सुख, आणि प्रसंगी त्याचा जीवही, त्याच्या उत्तरावर अवलंबून असतो.

आपला खानदेश हा पायी चालणाऱ्यांचा मुलूख आहे. आमच्या अमळनेरहून श्री संत सखाराम महाराजांची दिंडी बोरीच्या काठावरून निघते आणि थेट भीमेच्या काठी पंढरपुरास जाते. मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी तर एक महिन्याहून अधिक काळ वाटचाल करते. दिवाळीच्या सुमारास सातपुड्यातील अस्तंभा शिखराची यात्रा भरते. या शिखराची उंची १,३२५ मीटर आहे. कपाळावरची जखम घेऊन फिरणारा चिरंजीव अश्वत्थामा येथे वावरतो अशी श्रद्धा असल्याने, यात्रेकरू तळोद्याकडून रानवाटांनी रात्रीसुद्धा चालत जातात. आणि चैत्रात, सूर्य जेव्हा आग ओकू लागतो तेव्हा, जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील गावागावांतून हजारो माणसे सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघतात. यांपैकी कोणीही आपल्याला गिर्यारोहक म्हणवून घेत नाही. तरीसुद्धा लांब पल्ला कमी ओझ्यात कसा गाठावा, याचे शिक्षण मला प्रथम या माणसांकडूनच मिळाले. पुस्तके मी पुष्कळ नंतर वाचली.

सप्तशृंगीचा गड नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुक्यात आहे. अमळनेरहून तो दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत तेथे उत्सव चालतो. पौर्णिमेच्या आदल्या रात्री दरेगावातील एका घराण्यातील मानकरी निशाण घेऊन गडाच्या सुळक्यावर चढतो. तो सुळका इतका उभा आहे की, त्यावर नेहमीची वाट अशी नाहीच. पहाटे माथ्यावर निशाण फडकताना दिसले की, पाच-सहा दिवस चालून आलेल्या यात्रेकरूंचे डोळे पाण्याने भरतात.

या दिवसांत खानदेशात पारा चाळीस अंशांच्या वर असतो. अशा उन्हात ही माणसे कशी चालतात? उत्तर सोपे आहे. ती उन्हात चालतच नाहीत. पहाटे तीन-साडेतीनला उठून ती वाटेला लागतात, नऊ-दहा वाजता आंब्याच्या किंवा वडाच्या सावलीत बसतात आणि ऊन उतरल्यावर पुन्हा उठतात. विनोबाजींचाही क्रम असाच असे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, आणि आमच्या अमळनेरच्या शाळेत काही वर्षे शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे तुम्हांस ठाऊक असेल. त्याच विनोबांनी १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाची चळवळ सुरू केली आणि पुढे सुमारे तेरा वर्षे ते भारतभर पायी हिंडले. पहाटेच्या अंधारात, कंदिलाच्या उजेडात, त्यांची यात्रा निघत असे. दिवस वर येईपर्यंत पुढचे गाव आलेले असे.

एका वर्षी गडाच्या वाटेवर, एका लहानशा गावातील किराणा दुकानासमोर, सत्तरीच्या एक आजीबाई विसावल्या होत्या. त्यांच्याजवळ एवढेसे गाठोडे होते. मला राहवले नाही. मी म्हटले, "आजी, राग येणार नसेल तर तुमचे गाठोडे या काट्यावर ठेवून पाहू का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "ठेव बाबा. पण त्यात मोलाचं काही नाही." दुकानदारानेही कौतुकाने काटा पुढे केला. गाठोड्याचे वजन चार किलोसही भरले नाही. आत एक लुगडे, एक पातळ वाकळ, पितळेचा तांब्या, फडक्यात बांधलेल्या दशम्या, गुळाचा खडा, सुईदोरा आणि हळदीची पुडी एवढे सामान होते. पाच-सहा दिवसांचा संसार तो! त्यांच्या शेजारीच एक तरुण बसला होता. त्याची पाठपिशवी त्याच्या कमरेपर्यंत लोंबत होती आणि पट्ट्यांनी त्याचे खांदे लाल झाले होते.

त्या आजीबाईंना पाहून मला दूरदेशीच्या दुसऱ्या एका आजीची आठवण झाली. अमेरिकेत ॲपलाचियन नावाची डोंगररांग आहे. तिच्यावरून तीन हजार किलोमीटरांहून अधिक लांबीची एक पायवाट जाते. १९५५ साली एमा गेटवूड नावाच्या बाईंनी ही वाट एकट्यांनी चालून पुरी केली. तेव्हा त्या ६७ वर्षांच्या होत्या, आणि अकरा मुलांना त्यांनी वाढवले होते. त्यांच्यापाशी तंबू नव्हता, डोंगरात चढण्याचे जाड बूट नव्हते. घरी शिवलेली एक झोळी त्यांनी खांद्यावर टाकली होती. तिच्यात एक घोंगडी, पावसाचा अंगरखा आणि पाऊस आला तर अंगावर ओढून घ्यायला न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा असे सामान होते. पायांत कॅनव्हासचे साधे बूट होते. आज ज्याला 'हलक्या ओझ्याची भटकंती' म्हणतात आणि जिच्यासाठी लोक हजारो रुपयांचे सामान विकत घेतात, तिच्या अग्रणींत या बाईंचे नाव घेतात. आमच्या गाठोडेवाल्या आजीबाईंचे नाव मात्र कोणी विचारीत नाही.

ओझे कमी असावे असे का म्हणावयाचे, ते आपण थोडे गणित करून पाहू. तुमच्या वयाच्या मुलाचे एक पाऊल सुमारे ६० सेंटीमीटर पडते. म्हणजे एक किलोमीटर चालण्यास त्याला १,६०० हून अधिक पावले टाकावी लागतात. दिवसाकाठी २० किलोमीटर चालावयाचे, तर ती तेहतीस हजारांवर जातात. प्रत्येक पावलाला सारे शरीर, पाठीवरच्या ओझ्यासह, क्षणभर एकाच पायावर तोलले जाते. आता अर्ध्या किलोची एखादी निरुपयोगी वस्तू पिशवीत असली, तर तीही तेहतीस हजार वेळा गुडघ्याने आणि घोट्याने पेलली पाहिजे. सकाळी तिचे वजन कळत नाही. संध्याकाळी तीच वस्तू शिळेसारखी वाटू लागते. उतारावर तर ओझ्याचा धक्का अधिकच बसतो. म्हणून पुष्कळांचे गुडघे चढताना न दुखता उतरताना दुखतात.

तुमच्या दप्तराचे वजन तुमच्या वजनाच्या एकदशांशापेक्षा अधिक नसावे, असे २०२० च्या केंद्र शासनाच्या धोरणात सांगितले आहे. म्हणजे चाळीस किलो वजनाच्या मुलाचे दप्तर चार किलोंचे. डोंगरात रात्रीचा मुक्काम असेल तर एवढ्यात भागणे कठीण. परंतु मोठ्या माणसानेदेखील आपल्या वजनाच्या एकपंचमांशापुढे जाऊ नये, असे जाणते सांगतात. माझ्या विद्यार्थ्यांसाठी मी सहा किलोंची मर्यादा ठेवीत असे, आणि तीही पाण्यासकट. निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाची पिशवी शाळेत आणून काट्याला लावावयाची, असा नियम होता. पहिल्या वेळेस बहुतेक पिशव्या आठ-नऊ किलो भरत. मग सर्वांदेखत पिशवी उघडावयाची! एकाच्या पिशवीतून क्रिकेटचा चेंडू निघे, दुसऱ्याच्या पिशवीतून आईने कौतुकाने भरलेला लाडवांचा स्टीलचा डबा निघे. लाडू आम्ही ठेवून घेत असू आणि डबा परत पाठवीत असू.

ओझे कमी करताना लहान वस्तूंमागे लागण्यापूर्वी मोठ्या वस्तू पाहाव्यात. आश्रयाचे साधन, अंथरूण-पांघरूण आणि स्वतः पिशवी या तीन गोष्टींतच बहुतेक वजन दडलेले असते. जुन्या कॅनव्हासच्या तंबूला वाहायला बैल लागे असे म्हणावे, इतका तो जड असे. आता नायलॉनचे तंबू निघाले आहेत. दोघांना पुरेल असा तंबू दोन-अडीच किलोंत मिळतो. तो दोघांनी वाटून न्यावा. एकाने कापड घ्यावे, दुसऱ्याने काठ्या घ्याव्यात. पावसाळा नसेल, तर देवळाची ओसरी किंवा गडावरची गुहा याहून चांगला तंबू कोणता? पिशवी स्वतःच जड असेल, तर ती रिकामी असतानाच निम्मे ओझे होऊन बसते. हे पाहून झाल्यावर मग साबणाची अख्खी वडी न घेता तुकडा घ्यावा, चौघांत एकच पातेले घ्यावे, वगैरे काटकसर करावी.

शिदोरीच्या बाबतीत आपल्या बायकांनी फार पूर्वीच हा विचार केलेला दिसतो. दशमीची कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवतात, म्हणून ती साध्या पोळीपेक्षा अधिक टिकते. कळण्याची भाकरी, ठेचा, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे आणि गूळ हे पदार्थ सांडत नाहीत, लवकर नासत नाहीत आणि शिजवावे लागत नाहीत. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतून शरीरास साडेपाचशेहून अधिक कॅलरी मिळतात. तेवढ्याच केळ्यातून नव्वदच्या आसपास. केळ्यात बराचसा भाग पाण्याचा असतो, आणि वर साल आहेच. जळगाव जिल्ह्यातील मनुष्याने हे लिहावे याचे मला वाईट वाटते, पण केळी पायथ्याशी खाऊन घ्यावीत आणि डोंगरावर शेंगदाणे न्यावेत हेच खरे.

आता अशी एक वस्तू सांगतो की, जिच्या वजनात काटकसर करता येत नाही. ती म्हणजे पाणी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. ते कोणत्याही युक्तीने हलके होत नाही. मुलांना ओझे कमी करावयास सांगितले की, ती प्रथम बाटली अर्धी करतात, कारण पाणी वाटेत मिळेल असे त्यांना वाटते. अमळनेरात नळ फिरवला की पाणी येते. डोंगरातले पाणी ऋतूप्रमाणे जागा बदलते. दिवाळीत खळाळणारा झरा होळीनंतर ओला चिखल होतो, आणि चैत्रात त्या चिखलालाही भेगा पडतात.

फाल्गुनाच्या अखेरीस आम्ही अठरा मुले आणि दोन शिक्षक सातपुड्यात होतो. वाटेवर एके ठिकाणी हातपंप आहे, तेथे बाटल्या भरून घ्या, असे खालच्या गावात कळले होते. आम्ही दुपारी तेथे पोचलो, तो पंपाचा दांडा मोडलेला. प्रत्येकाजवळ सुमारे एक लिटर पाणी उरले होते आणि पुढचा पाडा चार किलोमीटर दूर, चढावर होता. अशा वेळी घाई करणे हाच मोठा धोका असतो. भर उन्हात चढ चढू लागले की घामावाटे शरीरातील पाणी आणि मीठ निघून जाते. डोके दुखू लागते, मळमळते, पाय लटपटतात. यापुढे जाऊन घाम थांबला, त्वचा तापली आणि मनुष्य असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात होय. त्यात तासाभरात जीव जाऊ शकतो. तेव्हा आम्ही सागाच्या विरळ सावलीत नव्हे, तर शोधून एका दाट जांभळाखाली सर्वांना बसवले. पाण्याचा एकेक घोट मोजून देत बसलो नाही. तहान लागेल तसे प्या, पण चालू नका, असे सांगितले. पाणी पोटात असले तरच उपयोगाचे. बाटलीत राखून ठेवलेले पाणी चक्कर आलेल्या माणसाला उभे करीत नाही. साडेचारला ऊन कलल्यावर निघालो आणि दिवस मावळता पाड्यावर पोचलो.

पहिल्याच घरातील बाईंनी, काही न विचारता, हंडा आणि तांब्या पुढे केला. मुले पाण्यावर तुटून पडली. हंडा रिकामा झाला, तसा त्यांनी दुसरा आणला. तोही रिकामा होत आला, तेव्हा खालच्या दरीतून दोन मुली वर येताना दिसल्या. तुमच्याच वयाच्या असतील. दोघींच्या डोक्यावर एकेक भरलेला हंडा होता. झरा कोठे आहे, असे आमच्यातल्या एकाने विचारले. तिने हनुवटीने दरीचा तळ दाखवला. अशा हंड्यात बारा-पंधरा लिटर पाणी मावते. म्हणजे सहा किलोंच्या पिशवीसाठी सकाळपासून कुरकुरणाऱ्या माझ्या मुलांनी जे पाणी घटाघटा पिऊन टाकले, ते त्या मुलींनी त्या दरीतून डोक्यावर वाहून आणलेले होते. कोणी काही बोलले नाही. सातवीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, हंडे भरून देऊ या." मग बॅटऱ्या घेऊन, त्या घरच्या आजोबांच्या मागोमाग, बारा मुले दरीत उतरली. प्रत्येकाने दोन-दोन बाटल्या भरून आणल्या. दोन्ही हंडे काठोकाठ भरावयास तीन खेपा आणि दोन तास लागले. त्यानंतरच्या सहलीत पाण्याची बाटली अर्धी भरून आणलेला मुलगा मला दिसला नाही.

हलके चालणे याचा अर्थ आपले ओझे दुसऱ्यावर टाकणे असा कित्येकांनी करून घेतला आहे. अलीकडे दिंड्यांबरोबर सामानाचे ट्रक असतात. म्हातारी माणसे चालतात, त्यांना ते हवेतच. पण धडधाकट तरुण केवळ मोबाइल हातात घेऊन चालतो आणि त्याची गादी, उशी ट्रकमधून पुढे जाते, तेव्हा तो हलका झाला असे मला वाटत नाही. डोंगरावर रिकाम्या बाटल्या आणि वेष्टने टाकून परतणारेही तसेच. भरलेले वर नेण्याचे बळ ज्याच्यात होते, त्याला रिकामे खाली आणणे जड का व्हावे?

उन्हाबद्दल लिहिले, आता थंडीबद्दल. बागलाणातील साल्हेर हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला आहे. त्याची उंची १,५६७ मीटर. कळसूबाईचे शिखर, १,६४६ मीटर, तेवढे त्याच्याहून उंच आहे. १६७२ साली साल्हेरच्या पायथ्याच्या मैदानात मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या फौजांनी मोगलांच्या मोठ्या सैन्याचा समोरासमोरच्या लढाईत पराभव केला. ज्या बारा किल्ल्यांचा समावेश २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत झाला, त्यांत साल्हेर आहे. माथ्यावर परशुरामाचे लहानसे मंदिर आहे, आणि त्याच्या खालच्या अंगास गुहा आहेत. तेथे रात्र काढता येते.

वर जावे तशी हवा थंड होते. सामान्यतः दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश. अमळनेर समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटर उंचीवर आहे. म्हणजे दुपारी येथे तीस अंश तापमान असेल, तर साल्हेरच्या माथ्यावर एकवीसच्या आसपास असावे. त्यात वारा! माथ्यावर अडोसा नसतो आणि चढताना सदरा घामाने चिंब झालेला असतो. म्हणून मुक्कामाच्या जागी पोचताच प्रथम कोरडा सदरा घालावा, चहा मागाहून. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नेलाच पाहिजे. त्याचे वजन होते, पण ते कमी करण्याजोगे नव्हे.

येथे घोंगडी आणि गोधडी यांचा भेद कळतो. घरी गोधडीइतके उबदार काही नाही. परंतु ती सुती असल्याने दवाने भिजली की जड होते आणि तिची ऊब जाते. घोंगडी मेंढीच्या लोकरीची. लोकरीच्या तंतूंमध्ये हवा कोंडलेली राहते, म्हणून ती दमट झाली तरी बरीच ऊब देते. धनगर बांधव पावसात तिचीच खोळ करून उभे राहतात, ते उगीच नव्हे. नव्या धर्तीच्या निजण्याच्या पिशव्या घोंगडीपेक्षाही हलक्या असतात. मिळाल्या तर जरूर वापराव्यात. एक गोष्ट मात्र नवख्यांच्या ध्यानात येत नाही. रात्रीची थंडी वरून जितकी लागते, तितकीच खालून लागते. निजलेल्या माणसाच्या अंगातील ऊब जमीन आणि दगड शोषून घेतात. तेव्हा दोन पांघरुणे असतील तर एक खाली घालावे. वाळलेले गवत मिळाले तर ते पसरावे, त्याआधी त्यात विंचू-किरडू नाही हे काठीने पाहून घ्यावे.

जागा निवडताना घाई करू नये. कोरड्या नदीच्या पात्रातील वाळू मऊ आणि सपाट असते. पण तेथे निजू नये. आपल्या डोक्यावर चांदणे असले, तरी दहा कोसांवरच्या डोंगरात पाऊस पडून मध्यरात्री लोंढा येऊ शकतो. वळवाच्या दिवसांत आकाश भरून आले, तर डोंगराच्या धारेवर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये. तेथे वीज पडण्याचे भय असते. कड्याला किंवा उंच झाडाला आग्या मोहोळ लटकलेले दिसले, तर आवाज न करता दूर जावे. त्याच्या खाली चूल पेटवणे, दगड मारणे, ओरडणे हे जिवावर बेतते. गडांवर अशा घटना झालेल्या आहेत. चूल पेटवावयाची झालीच, तर मोकळ्या जागी, गवत काढून, लहान पेटवावी आणि निघताना तिच्या राखेत हात घालता येईल इतकी विझवावी. सातपुड्यातील वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते.

किती वेळ लागेल याचा अंदाज निघण्यापूर्वीच बांधावा. नाहीतर वाटेतच अंधार गाठतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशेब सांगितला. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास मिळवावा. दहा किलोमीटर वाट आणि सहाशे मीटर चढ असेल, तर तीन तास झाले. नेस्मिथसाहेब बहुधा मुलांना बरोबर घेऊन गेले नसावेत. बोरे वेचणे, बुटाचे बंद बांधणे आणि 'अजून किती राहिले?' असे विचारणे यांचा वेळ धरून मी त्या तीन तासांचे साडेचार करतो.

राहता राहिले पाय. नवे बूट घालून डोंगरावर जाऊ नये. पंधरा दिवस गावात वापरून ते मऊ करून घ्यावेत. फोड येतो तो घर्षणाने आणि ओलाव्याने. टाचेपाशी चुरचुरू लागताच थांबावे, मोजे काढून पाय वारा लागू देऊन कोरडे करावेत आणि त्या जागी चिकटपट्टी लावावी. 'पुढच्या वळणावर थांबू' असे म्हणणाऱ्याचा पुढचा सारा दिवस लंगडण्यात जातो. आलेला फोड फोडू नये. उन्हात चालून थकवा आला, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट प्यावे. चमचा चहाचा, मोठा नव्हे. साखरेची आणि मिठाची एकेक पुडी पिशवीत असली म्हणजे झाले. गडावरचे टाक्यातले पाणी कितीही नितळ दिसले, तरी उकळून घ्यावे.

घरी परतल्यावर पिशवी कोपऱ्यात फेकून झोपी जाण्याचा मोह होतो. त्यापूर्वी एक काम करावे. पिशवी अंगणात किंवा सतरंजीवर रिकामी करावी आणि सामानाचे तीन ढीग करावेत. रोज वापरलेल्या वस्तू एका बाजूस, एकदोनदा वापरलेल्या दुसऱ्या बाजूस, आणि ज्यांना हातही लागला नाही त्या तिसऱ्या बाजूस. तिसऱ्या ढिगातून औषधाची डबी, शिट्टी आणि जादा विजेरी उचलून पुन्हा पिशवीत ठेवावी. या वस्तू वापराव्या लागल्या नाहीत हे सुदैव समजावे. बाकीचे काट्यावर ठेवून वजन पाहावे आणि ते एका वहीत तारखेसह लिहून ठेवावे. माझ्या एका विद्यार्थ्याने अशी वही चार वर्षे ठेवली होती. पहिल्या सहलीच्या पानावर तिसऱ्या ढिगाचे वजन दोन किलो सातशे ग्रॅम होते, आणि शेवटच्या पानावर एकशे दहा ग्रॅम. ते एकशे दहा ग्रॅम कशाचे, असे मी विचारले. तो म्हणाला, "आईने दिलेली सुपारीची डबी, गुरुजी. मी सुपारी खात नाही. पण ती दर वेळी देते."